व्हेंटिलेटर काढायची सही कोणी करायची?

कांजूरकर | ६ जुलै, रात्री ११.४०

बाबा (वय ७४, बेस्टमधून निवृत्त) २८ मेपासून आयसीयूत आहेत. आज चाळिसावा दिवस. रात्री बाथरूममध्ये पडले, सीटी स्कॅनमध्ये मेंदूत मोठा रक्तस्राव निघाला, तो आतल्या पोकळ्यांत उतरलेला. ऑपरेशन झालं. बाराव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी टाकली. 'ट्रेकी केली की व्हेंटिलेटरवरून लवकर काढता येईल' असं सांगितलं होतं. काढता आलं नाही. मधे दोनदा न्यूमोनिया झाला. डोळे उघडे असतात, पण बघत नाहीत. चिमटा काढला तर डावा हात आत वळतो, बस.

काल न्यूरोच्या डॉक्टरांनी मला आणि आईला छोट्या खोलीत बोलावलं. त्या खोलीत बोलावलं की बातमी वाईट, हे बाहेर बाकड्यावर बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणाले, यातून माणसं ओळखण्यापर्यंत येतील अशी आशा नाही, आता तुम्ही ठरवा. काय ठरवायचं विचारलं तर तीन गोष्टी सांगितल्या. आहे तसं चालू ठेवायचं. किंवा आहे तेवढंच ठेवून नवीन काही वाढवायचं नाही. किंवा रीतसर प्रक्रिया करून व्हेंटिलेटर काढायचा, पण हे त्यांच्याकडे आजवर कोणी केलेलं नाही, अ‍ॅडमिनशी बोलावं लागेल. बाहेर आल्यावर एक रेसिडेंट हळूच म्हणाला, काका, बरेच लोक डामा, म्हणजे 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज', लिहून घरी नेतात.

दादा न्यू जर्सीत. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल. त्याचं एकच, 'सगळं करा, पैशाचं बघू.' विम्याचे दहा लाख तिसऱ्या आठवड्यात संपले. आई चाळीस दिवसांत या विषयावर एकदाच बोलली: 'त्यांना कोणी विचारलं नाही, आता मलाही विचारू नका.'

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कायदा नक्की काय म्हणतो? डामा घेणं चूक आहे का? आणि तिसरं विचारायला लाज वाटते, पण विचारतो. त्या कागदावर सही कोणी करायची?

---

समईची_वात | ६ जुलै, रात्री ११.५८

वाचून गलबललं. काळजी घ्या. आईंना जेवायला घाला वेळेवर.

---

नाइटड्यूटी | ७ जुलै, पहाटे ३.१०

मी इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचा डॉक्टर आहे. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही सांगणार नाही. काही शब्द मात्र आधी वेगळे करून ठेवू, कारण नातेवाइकांच्या निम्म्या भांडणांचं मूळ शब्दांत असतं.

मेंदूमृत्यू म्हणजे ब्रेन डेथ. मेंदूचा देठच बंद पडलेला, स्वतःचा श्वास कायमचा गेलेला. अवयवदानासाठी १९९४चा कायदा आहे, त्यात चार डॉक्टर आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी असं ठरलेलं आहे. तो मृत्यूच. तुमचे बाबा त्यात बसत नाहीत, हात आत वळतोय म्हणजे देठात थोडा जीव आहे. कोमा म्हणजे डोळे मिटलेले, हलवून जाग नाही. आणि डोळे उघडे, झोप-जाग चालू, पण समोरच्याची जाणीव नाही, ती तिसरी अवस्था. या तिसऱ्या अवस्थेतले नातेवाईक सगळ्यात जास्त सोसतात, कारण पेशंट त्यांच्याकडे बघतोय असं वाटत राहतं.

दुसरं. पेपरवाले उपचार थांबवण्याला 'निष्क्रिय दयामरण' किंवा 'इच्छामरण' म्हणतात. आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१८मध्ये या विषयातल्या शब्दांच्या व्याख्या केल्या, तेव्हाच 'पॅसिव्ह युथनेशिया' हा शब्द वापरू नका असं सुचवलं. मारायला इंजेक्शन देणं वेगळं, ते भारतात गुन्हा आहे. फायदा नसलेला उपचार थांबवणं वेगळं. रोग मारतो, आपण आडवं येणं बंद करतो. हे वाक्य मी शेकडो वेळा बोललोय, आणि खरं सांगायचं तर स्विचला हात लावताना दर वेळी ते पुरतंच असं नाही.

---

नाना_गिरगाव | ७ जुलै, सकाळी ६.४५

शब्दांचं डॉक्टरांनी बरं काढलं. इच्छामरण भीष्माचं. बाणांवर पडून उत्तरायणाची वाट बघत होता, शुद्धीवर होता, सगळ्यांना उपदेशही करत होता. दयामरण म्हणजे आपण दुसऱ्यावर केलेली दया. या गृहस्थांची इच्छा कोणाला माहीत नाही आणि आपण दया करतोय की स्वतःची सुटका, हेही माहीत नाही. मराठीत या तिसऱ्या गोष्टीला शब्दच नाही.

सावरकरांनी १९६६मध्ये अन्नपाणी सोडलं, विनोबांनी १९८२मध्ये पवनारला औषधपाणी नाकारलं. दोघांनी स्वतःच्या तोंडाने 'नको' म्हटलं. माझीही तशी तयारी आहे, पण गळ्यात नळी असेल तर 'नको' कुठल्या तोंडाने म्हणणार?

आमच्याच ठाकूरद्वारच्या एका वृद्ध जोडप्याने २०१७मध्ये राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली होती, धडधाकट असताना. तेव्हा गल्लीत सगळे हसले. मी नाही हसलो.

---

काळाकोट | ७ जुलै, सकाळी १०.२०

वकील आहे, पण हा सल्ला समजू नये, फी दिलेली नाही. :)

कायद्याची गोष्ट आपल्या परळमध्ये सुरू होते. अरुणा शानभाग, केईएमच्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ला रुग्णालयातच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, त्या पुढची ४२ वर्षं तशाच होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी 'नेक्स्ट फ्रेंड' (जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने कोर्टात जाणारी व्यक्ती) म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ला न्या. काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी तो फेटाळला, पण जाताजाता दार उघडलं: उपचार थांबवता येतील, उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन. म्हणजे अरुणाबाईंना काही मिळालं नाही आणि देशाला कायदा मिळाला.

त्यानंतर ९ मार्च २०१८. 'कॉमन कॉज' संस्थेची २००५ची याचिका, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग, आणि शुद्धीत असताना लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) वैध. मात्र त्यावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. आता सांगा, मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहून 'मला मरताना नळ्या नकोत' म्हणायला कोण जातो? फारसं कोणी गेलंच नाही. म्हणून २४ जानेवारी २०२३ला त्याच न्यायालयाने नियम सैल केले. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

कांजूरकर, तुमच्या बाबांनी काही लिहून ठेवलेलं नाही. तरी रस्ता आहे. हॉस्पिटलचं प्राथमिक मंडळ बसतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे आणखी दोघं. घरच्यांची लेखी संमती. त्यावर दुसरं मंडळ, त्यात एक डॉक्टर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. दोन्हीकडून साधारण ४८-४८ तासांत मत अपेक्षित. मग मॅजिस्ट्रेटला कळवायचं, परवानगी मागायची नाही. मंडळ नाही म्हणालं तर उच्च न्यायालय.

कागदावर चार-पाच दिवसांचं काम.

---

कांजूरकर | ७ जुलै, दुपारी १.०५

काळाकोट, आभार. अ‍ॅडमिनला तुमचे मुद्दे छापून दाखवले. मॅडम म्हणाल्या, 'मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणजे मुंबईत नक्की कोण धरायचे, ते लीगलला विचारावं लागेल.' लीगल पुण्यात बसतं.

---

मंगलाताई | ७ जुलै, दुपारी ३.३०

मी महापालिकेच्या रुग्णालयात ३४ वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त.

अरुणाचं नाव निघालं म्हणून लिहिते. वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू सांगितली, पण त्या निकालात आमच्या लोकांची बाजू मोठी होती. तिचे नातेवाईक मागे पडले, पण केईएमच्या सिस्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या तिला भरवलं. ती व्हेंटिलेटरवर नव्हती हो. तोंडाने मऊ अन्न खायची. इतकी वर्षं अंथरुणात, आणि अंगावर एक बेडसोर नाही! ज्यांनी कधी दोन तासांनी कूस बदलायची ड्यूटी केली असेल त्यांनाच कळेल हे काय आहे ते. कोर्टाने तिची जवळची माणसं म्हणून केईएमच्या स्टाफलाच मानलं. बाहेरची मंडळी म्हणत होती, तिला सोडवा. आम्हाला वाटायचं, कोणापासून सोडवा? आमच्यापासून?

१८ मे २०१५ला न्यूमोनियाने गेली. कोणाला काही काढावं लागलं नाही.

पण हेही सांगते. प्रत्येक पेशंटच्या नशिबी असा वॉर्ड नसतो. मी असेही बघितलेत, ज्यांना जखमा होऊन हाड दिसायला लागलंय आणि मुलगा बाहेर उभा राहून 'सगळं करा' म्हणतोय. आत येत नाही. कांजूरकर, तुमच्या भावाला एकदा सक्शन (गळ्यातल्या नळीतून कफ ओढून काढणं) चालू असताना व्हिडिओ कॉलवर ठेवा. रागावू नका. साडेआठला चादर नीट करून, तोंड पुसून दाखवता ना? म्हणून त्याला बाबा झोपलेले दिसतात.

---

पाचोळा | ७ जुलै, दुपारी ४.०२

ताई, शेवटचे वाक्य. __/\__

---

तर्कट | ७ जुलै, सायंकाळी ६.१५

सगळे फार हळवे झालेत, म्हणून एक कडू प्रश्न. धागाकर्त्यानेच मार्चमध्ये इथे पुनर्विकासाचा धागा काढला होता. बिल्डरचा करार, फ्लॅट वडिलांच्या नावावर, सगळ्या सभासदांच्या सह्या हव्यात वगैरे. आता वडील सही करू शकत नाहीत आणि मुलगा विचारतोय व्हेंटिलेटर कसा काढायचा. योगायोग असेल. पण कायद्यात दोन-दोन मंडळं का ठेवली, ते अशाच योगायोगांसाठी. २०११च्या निकालात न्यायालयाने हीच भीती स्पष्ट बोलून दाखवली आहे, की मालमत्तेसाठी नातेवाईक डॉक्टरांना हाताशी धरून असलं काही करतील.

---

समईची_वात | ७ जुलै, सायंकाळी ६.२१

छी. काय माणूस आहे.

---

कांजूरकर | ७ जुलै, रात्री १०.५०

तर्कट, दिवसभर तुमच्यावर चिडून होतो. आता ट्रेनमध्ये उभा राहून लिहितोय.

हो, करार आहे. हो, सोसायटीचे सेक्रेटरी परवा हॉस्पिटलात आले होते, फळं घेऊन, आणि जाताना म्हणाले, 'तुमच्यामुळे सगळं अडलंय असं नाही, पण काहीतरी बघा.' आणि मला एक क्षण वाटलं, बाबा गेले तर नॉमिनीची सही चालेल. वाटलं. खोटं बोलत नाही. तो विचार माझाच होता, सेक्रेटरीचा नाही. त्यानंतर आत जाऊन बाबांच्या पायाला व्हॅसलिन लावत बसलो, नर्सने हाकलेपर्यंत.

म्हणूनच विचारतोय सही कोणी करायची. माझी सही मलाच स्वच्छ वाटत नाही.

---

काळाकोट | ७ जुलै, रात्री ११.३०

कांजूरकर, निदान हा गुंता सुटण्यासारखा आहे. करारासाठी बाबा 'जाण्याची' गरज नाही. कोमातल्या प्रौढ माणसाचा पालक नेमायला आपल्याकडे धड कायदा नाही. १८९०चा पालकत्व कायदा अल्पवयीनांचा, १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी वगैरेंसाठी. पण मुंबई उच्च न्यायालय घटनेच्या कलम २२६मधल्या आपल्या खास अधिकाराखाली अशा पेशंटच्या बायकोला पालक नेमतं, बँक आणि मालमत्तेसाठी. अनेकदा नेमलंय. वैद्यकीय अहवाल, वारसांची ना-हरकत, एखादा सरकारी अधिकारी घरी येऊन बघून जातो. आईंना अर्जदार करा. दोन प्रश्न एकमेकांपासून तोडा. फ्लॅटचा प्रश्न फ्लॅटच्या कागदावर, श्वासाचा प्रश्न श्वासाच्या.

तर्कट, तुमचा प्रश्न वाईट नव्हता. विचारायची जागा वाईट होती.

---

बकुळ | ८ जुलै, सकाळी ९.१०

एक वेगळी बाजू मांडू का? माझी बहीण ३६ वर्षांची आहे. जन्मतः मेंदूला इजा. बोलत नाही, चालत नाही, भरवावं लागतं. 'असं जगण्यात काय अर्थ आहे' हे वाक्य मी लहानपणापासून लग्नात, ट्रेनमध्ये, देवळात ऐकत आलेय. ऐकलं की पोटात गोळा येतो, कारण ते बोलणारी माणसं चांगलीच असतात.

गाझियाबादच्या एका आईवडिलांची केस २०२४मध्ये पेपरात होती. मुलगा २०१३मध्ये चौथ्या मजल्यावरून पडला, तेव्हापासून अंथरुणात, पोटात नळीने अन्न. त्यांनी मंडळ नेमा म्हणून अर्ज केला. दिल्ली उच्च न्यायालयाने नाकारला, कारण तो कुठल्या यंत्रावर नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२४मध्ये अन्नाची नळी काढायला परवानगी दिली नाही. लोक म्हणाले, केवढी क्रूरता. मला हायसं वाटलं आणि दुसऱ्या क्षणी त्या आईबापांपुढे माझीच मला लाज वाटली. ते म्हातारे झालेत, घर विकलं, आपल्यामागे कोण, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्या आईचाही तोच आहे. त्यांनी मागितलं मरण, पण हवी होती मदत. सरकारने ती नंतर देऊ केली, बाहेर ओरड झाल्यावर.

कांजूरकर, तुमच्या बाबांचं वेगळं आहे, कळतंय मला. फक्त 'अशा जगण्याला अर्थ नाही' म्हणून काढू नका. 'हा उपचार त्यांना आता काही देत नाही, त्रास देतोय' म्हणून काढत असाल तर काढा. वरवर एकच वाटतं. आमच्या घरात ते एक नाही.

---

नाइटड्यूटी | ८ जुलै, दुपारी २.४०

बकुळ, तुमची पोस्ट आमच्या रेसिडेंटांना वाचून दाखवणार आहे.

डामाबद्दल राहिलं होतं. मुंबईतल्या आयसीयूंमधून अशी माणसं रोज घरी जातात. कागदावर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध', प्रत्यक्षात आम्हीच डोळ्यांनी सुचवलेलं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये अम्बू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत नेतात, चाळीच्या जिन्यावर हात थांबतो. ना मॉर्फिन, ना कोणी डॉक्टर. श्वास लागून माणूस जातो आणि सही नातेवाइकाची असते, म्हणजे दोषही त्याचा. ही पद्धत आमच्या सोयीची आहे, तुमच्या नाही. कायदा नीट पाळायचा तर मंडळं बसवा, सह्या करा, उद्या तक्रार झाली तर आपलं नाव त्यात. चाळीस दिवस न दिसलेला गावचा पुतण्या एक्केचाळिसाव्या दिवशी येतो आणि विचारतो, 'काकांना कोणी मारलं?' त्याची आम्हाला न्यायालयापेक्षा जास्त भीती.

केंद्राने सप्टेंबर २०२४मध्ये उपचार थांबवण्याबाबत मसुदा काढला, तर इंडियन मेडिकल असोसिएशननेच डॉक्टरांवर ताण येईल म्हणून हरकत घेतली. कर्नाटकने ३० जानेवारी २०२५ला स्वतःचं परिपत्रक काढून रुग्णालयांना मंडळं नेमायला सांगितलं.

आणि रीतसर काढतात कसं, हे घरच्यांना कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. आधी दम लागू नये म्हणून मॉर्फिन आणि झोपेचं औषध चालू करतात. मॉनिटरचा आवाज बंद. घरच्यांना आत बसू देतात, बसू देत नसतील तर भांडा. मग व्हेंटिलेटर हळूहळू कमी. सिनेमात दाखवतात तसं लगेच सरळ रेष येत नाही. गळ्यात ट्रेकी असलेला पेशंट तासभर घेतो, कधी दोन दिवस. क्वचित कोणी श्वास घेत राहतो. तेव्हा 'चुकलं का आपलं?' असं वाटतं. त्याचीही तयारी ठेवा.

उपचार थांबवले म्हणजे शुश्रूषा थांबली असं नव्हे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६पासून हेच शिकवतंय, कॅन्सरच्या पेशंटांसाठी. आयसीयूत ते पोचायला उशीर झाला.

---

नाना_गिरगाव | ८ जुलै, सायंकाळी ५.३०

माजी खासदार मिनू मसानींनी १९८१मध्ये इथे मुंबईतच 'सन्मानाने मरण्याचा हक्क' म्हणून संस्था काढली होती. तेव्हा आमच्या ऑफिसात थट्टा, की पारशी लोकांना मरायचीसुद्धा संस्था लागते. चव्वेचाळीस वर्षांनी आपण सगळे तिथेच येऊन बसलो.

---

तर्कट | ८ जुलै, रात्री ९.००

कांजूरकर, जाहीर माफी. माझ्या वडिलांच्या वेळी (२००९) आम्ही डामा घेतला होता. वर डॉक्टरांनी लिहिलाय तसाच जिना. दुसरा मजला. सही माझी होती. बाकी काही नाही.

---

मंगलाताई | ८ जुलै, रात्री ९.२५

तर्कट, जेवलात का?

---

संपादक | ९ जुलै, सकाळी ११.००

धाग्यात दोन प्रतिसाद (एक ज्योतिषाचा, एक काढ्याचा) उडवले आहेत. हॉस्पिटलांची नावं लिहू नयेत.

---

कांजूरकर | १३ जुलै, रात्री १२.१५

थोडं सांगतो. मंगलाताईंचं ऐकलं. गुरुवारी साडेआठच्या कॉलवर सक्शन चालू होतं, मी फोन खाली घेतला नाही. बाबांचा चेहरा जांभळा होतो, सगळं अंग उचललं जातं, डोळ्यातून पाणी येतं. सिस्टर म्हणाल्या, ते रडणं नसतं, रिफ्लेक्स असतो. दादाने कॅमेरा बंद केला. कट नाही केला. दहा मिनिटं काळ्या स्क्रीनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, 'हे दिवसातून किती वेळा?' सिस्टरांनी सांगितलं, दर दोन-तीन तासांनी, गरज लागली तर मध्येही.

काल पहाटे तो आला. सामानासकट थेट हॉस्पिटल. दोन तास आत बसला. बाहेर येऊन म्हणाला, 'मी म्हणत होतो ते बाबांसाठी नव्हतं रे. मी इथे नव्हतो ना.'

प्राथमिक मंडळ आज दुपारी बसलं. पुण्याच्या लीगलने 'हो' म्हणायला पाच दिवस घेतले, त्या पाच दिवसांचं बिल वेगळं. दुसऱ्या मंडळाला बाहेरचे डॉक्टर उद्या.

---

कांजूरकर | २४ जुलै, सकाळी ७.४०

बाबा १६ तारखेला संध्याकाळी सव्वासहाला गेले. दोन्ही मंडळांनी मत दिलं, मॅजिस्ट्रेटना पत्र गेलं, त्याची पोच माझ्याकडे आहे. नाइटड्यूटींनी लिहिलेलं बरंचसं तसंच झालं. मॉर्फिन लावलं होतं. दम लागला नाही. पाच तास लागले. आवाज बंद ठेवला तरी दादा मॉनिटरकडेच बघत होता, शेवटी सिस्टरांनी मॉनिटरवर टॉवेल टाकला.

आईने गंगाजल आणलं होतं. इतके दिवस 'तोंडातून काही नाही' म्हणून देऊ देत नव्हते. त्या दिवशी सिस्टरांनी स्वतः कापसाचा बोळा करून दिला, ओठांपुरता. मला वाटतं आई त्याच्यासाठीच थांबली होती.

आता सहीचं. संमतीपत्र टेबलावर होतं. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. दादाने उचललं, चष्मा शोधायला लागला, चष्मा डोक्यावरच होता. आईने आमच्याकडे बघितलं, 'द्या इकडे' म्हणाली आणि केली. मराठीत, पूर्ण नाव, पेन्शनच्या फॉर्मवर करते तशी. खाली नातं लिहायचं होतं. 'पत्नी' लिहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, 'चोपन्न वर्षं झाली लग्नाला. ह्यांना बसमधून कोणी ढकलत चढलेलं आवडायचं नाही.' याचा अर्थ मी आठवडाभर लावतोय. तुम्हाला लागला तर सांगा.

पुढचं. दहावा दिवस उद्या, आणि ती काल सकाळी म्हणाली, मला माझा कागद करायचाय. नोटरीचं स्टेशनजवळ झालं. दोन साक्षीदार शेजारचे. एक प्रत वॉर्ड ऑफिसात ठेवायची म्हणून तिला घेऊन गेलो. पहिल्या खिडकीवर 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हटलं, तर त्यांनी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीकडे पाठवलं. तिथले म्हणाले, 'आजी, मृत्यू झाल्यावर या.' आई इतकी हसली की रांगेतले सगळे बघायला लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. शेवटी वरच्या मजल्यावर आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात एका मॅडमना हे माहीत होतं, त्यांनी रजिस्टर काढून नोंद करून शिक्का दिला. रजिस्टरमध्ये आईचा नंबर सातवा आहे.

---

काळाकोट | २४ जुलै, सकाळी ९.१५

भावपूर्ण श्रद्धांजली.

एक व्यावसायिक चौकशी, माफ करा. २०२३च्या नियमांत पालक किंवा जवळचा नातेवाईक म्हणून एकापेक्षा जास्त नावं घालता येतात. दोघा भावांची घातलीत ना? एकच नको, पुढे अडचण येते.

---

कांजूरकर | २४ जुलै, सकाळी ९.४०

दोन घातलीत. पण आम्हा दोघांपैकी कोणाचंच नाही. पहिलं नाव माझ्या बायकोचं, दुसरं शेजारच्या काकूंच्या लेकीचं, ती फिजिओ आहे. मी विचारलं, आई, आम्ही? म्हणाली, 'तुम्ही दोघं चष्मा शोधत बसाल.'

---

मंगलाताई | २४ जुलै, सकाळी ९.५५

सूनबाईंना विचारलं का कोणी?

---

कांजूरकर | २४ जुलै, सकाळी १०.३०

नाही. आज विचारतो.